काळं म्हणजे मळकं नव्हे

आमच्या घरात आज्ज्याचा एक पितळी पानाचा डबा आहे. आज्जा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात पान खाणारं कुणी उरलं नाही, पण डबा अजून देवळीत आहे. त्यात आता सुपारी नाही, कात नाही. तांब्याची अकरा नाणी आहेत. भालकी तालुक्यातल्या आमच्या रानात पहिला मोठा पाऊस पडून गेला की बांधाच्या कडेला, नाहीतर नांगराच्या तासात, एखादं नाणं वर यायचं. दरवर्षी नाही, चार-पाच वर्षांतून एखादं. आज्जा ते धोतराच्या सोग्याला पुसायचा आणि डब्यात टाकायचा. "कुण्या तरी सुलतानाचा पैसा हाय, राहू दे," एवढंच म्हणायचा. त्यानं ती कधी विकली नाहीत, कधी मोडीतही घातली नाहीत.

त्या अकरातली दहा नाणी मी बिघडवली.

तेव्हा मी सातवीत होते. दिवाळीच्या आधीची आवराआवर चालली होती. माय न्हाणीपुढं बसून तांब्याचे हंडे, घागरी, समया चिंच-मीठ लावून घासत होती. मला वाटलं, आज्ज्याच्या डब्यातली नाणीपण काळीहिरवी झाल्यात, त्यांनाही दिवाळी दाखवावी. एका वाटीत चिंचेचा कोळ केला, मूठभर मीठ टाकलं आणि नाणी रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी काथ्यानं घासली. पाणी हिरवं-काळं होऊन गेलं आणि नाणी निघाली गुलाबी, नव्या पातेल्यासारखी. "काय करूलालीस गं?" म्हणत आज्जी बाहेर आली आणि बघून खूश झाली. "आता बघ कसं लख्ख झालं!" माझी पाठ थोपटली गेली. नाण्यांवर पूर्वी काही तरी वळणदार, उंच उंच अक्षरं होती, ती आता दिसत नव्हती, हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. तांबं चमकत होतं, तेवढं पुरे होतं.

संक्रांतीपर्यंत त्या गुलाबी नाण्यांवर फिकट हिरवे ठिपके आले. बोटानं खरवडलं की भुकटी निघायची, खाली खड्डा दिसायचा. मी पुन्हा घासली. पुन्हा ठिपके आले.

गेल्या वर्षी कॉलेजात आमच्या सरांशी बोलता बोलता ही गोष्ट निघाली. त्यांच्या ओळखीनं फारसी वाचता येणाऱ्या एका अभ्यासकांपर्यंत मी डबा घेऊन गेले. त्यांनी एकेक नाणं कडेनं धरून भिंगाखाली पाहिलं, खिडकीच्या तिरप्या उजेडात फिरवलं आणि बाजूला ठेवलं. दहा वेळा तेच. "बहमनी असावीत. जाडी-आकार तसा वाटतोय. जास्त काही सांगता येत नाही." मग डब्याच्या तळाला घातलेलं जुनं कापड त्यांनी उचललं, तर खाली एक नाणं चिकटून राहिलेलं. माझ्या चिंचेतून निसटलेलं अकरावं. काळपट हिरवं, एका बाजूला अजून मातीचा पापुद्रा. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे वाचता येतंय. कलीमुल्ला."

कलीमुल्ला हा बिदरचा शेवटचा बहमनी सुलतान, सोळाव्या शतकातला. १३४७ साली गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत सुरू झालेली आणि पुढं बिदरला हललेली ही सल्तनत त्याच्या काळात नावापुरती उरली होती. सत्ता अमीर बरीदच्या हातात होती, नाणी मात्र बहमनी सुलतानाच्या नावानं निघत होती. कलीमुल्लाला अखेर बिदर सोडून जावं लागलं. ज्याच्या हातात काही उरलं नव्हतं त्याचं नाव बाजारातल्या पैशावर अजून चालत होतं, ही गोष्ट आमच्या रानातल्या त्या तांब्याच्या तुकड्यानं सांगितली. बाकीच्या दहांवर काय होतं? त्याच सुलतानाचं नाव होतं, की शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाचं? आमच्या बांधावरून एक पिढी गेली की पाच पिढ्या? ते आता कळणार नाही. दहाही नाणी गप्प झाली आहेत, आणि त्यांचं तोंड मी बंद केलं आहे.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. सापडलेलं जुनं नाणं घरी स्वच्छ करू नये. चिंचेनं नाही, लिंबानं नाही, राखेनं नाही, पितळ घासायच्या पावडरीनं नाही, टूथपेस्टनं तर नाहीच. आणि हे सांगायची गरज आपल्या भागात जास्त आहे, कारण बिदर आणि कलबुर्गीची माती नाण्यांनी भरलेली आहे. कल्याणचे चालुक्य, बहमनी, बरीदशाही, मोगल, निजाम, सगळे इथून गेले. ज्याच्या घरी आज्जीच्या ट्रंकेत निजामाचा हाली सिक्का नाही असं घर आमच्या गावात शोधावं लागेल.

आधी चिंच-मीठ नेमकं करतं काय, ते बघू. तांबं शेकडो वर्षं मातीत राहिलं की त्याचा वरचा थर मातीतल्या ओलाव्याशी, हवेशी, क्षारांशी मिळून बदलतो. लाल-तपकिरी, काळपट, गडद हिरवा असा तो थर तयार होतो. हा थर बाहेरून येऊन बसलेला मळ नसतो. नाण्याचंच तांबं बदलून तो झालेला असतो. पुष्कळदा अक्षरांचा उंचवटा आता धातूत उरलेलाच नसतो, तो या थरात असतो. आम्ल लावलं की थर विरघळतो आणि त्याच्याबरोबर अक्षरही जातं. खाली जे लख्ख तांबं दिसतं ते टांकसाळीतून निघालेलं मूळ तोंड नव्हे. तो नाण्याचा आतला मांसल भाग आहे, कातडी सोलल्यावर दिसतो तसा.

मिठाचं काम याहून वाईट. मिठातलं क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं. पावसाळी दमट हवा मिळाली की आत रासायनिक क्रिया सुरू होते, तिच्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच चक्र. जाणकार याला ब्रॉंझचा रोग म्हणतात. माझ्या नाण्यांवर संक्रांतीला आलेली फिकट हिरवी भुकटी हाच रोग असणार. घागर आपण दर सणाला घासतो, धुतो, वापरतो, तिला फार फरक पडत नाही. नाणं मात्र पातळ असतं, सच्छिद्र झालेलं असतं आणि डब्यात पडून असतं.

चांदीच्या नाण्याचं दुखणं वेगळं. जुन्या चांदीत तांब्याची भेसळ असेल तर आम्ल आधी वरचं तांबं ओढून नेतं; मागं भुसभुशीत चांदी राहते. वजनही घटतं. बहमनी चांदीचा टंका साधारण ११ ग्रॅमचा असे. वजन किती भरतं यावरून अभ्यासक नाणं खरं की खोटं, कोणत्या मापानं पाडलेलं, किती हाताळलेलं हे ठरवतात. आपण घासून अर्धा ग्रॅम उतरवला की ती साक्षही गेली. सोन्याला गंज नाही, पण सोनं मऊ. काथ्याचा एक फेरा पुरतो ओरखडे उठायला.

गंमत अशी, की हे शहाणपण आपल्याला नवीन नाही. बिदरचा माणूस रोज ते डोळ्यांनी बघतो. बिदरी काम घ्या. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर कोरून चांदीची तार किंवा पत्रा बसवतात. मग शेवटची पायरी येते. बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर पाण्यात मिसळून ते भांड्याला लावतात. तेवढ्यानं जस्ताचा भाग काळाकुळकुळीत होतो आणि चांदी तशीच शुभ्र राहते. वर तेलाचा हात फिरवला की झालं. पाहुण्याला आपण अभिमानानं सांगतो, ही किल्ल्याच्या मातीची करामत आहे. घरी आलेली बिदरी सुरई कुणी चिंचेनं घासायला घेतली तर आपण तिचा हात धरू. मग त्याच मातीनं चारशे-पाचशे वर्षं राबून नाण्याला दिलेला काळा रंग आपल्याला घाण का वाटतो? कारागिरानं केला तर तो कला आणि काळानं केला तर मळ, हा हिशेब मला पटत नाही.

नाण्याच्या अंगावर काय काय राहू शकतं याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण जोगळटेंभीचं. नाशिक जिल्ह्यात गोदाकाठच्या या गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, क्षत्रप राजा नहपान याची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःची चिन्हं पुन्हा ठोकली होती. खाली नहपानाचा चेहरा, वर सातवाहनांचा चैत्य आणि उज्जैनी चिन्ह. एकाच तुकड्यावर हरलेला आणि जिंकलेला दोघंही. नाशिकच्या लेण्यातला शिलालेख गौतमीपुत्रानं क्षहरातांचा नायनाट केला असं सांगतो, पण तो जिंकणाऱ्याच्या घरचा लेख. नाण्यांनी तीच गोष्ट बाजारातून सांगितली. आता विचार करा, सापडणाऱ्यानं किंवा पुढं कुणी ती नाणी "जरा उजळून" दिली असती तर? खालचा अर्धामुर्धा चेहरा आधी पुसला गेला असता. नाणी चांदीची राहिली असती, साक्षीदार मात्र फुटला असता.

आता कुणी विचारेल, मग काहीच करू नये का? रोग लागलेलं नाणं तसंच सडू द्यायचं? प्रश्न रास्त आहे. गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा-काळा थर नाण्याला राखतो, आणि फिकट, भुरभुरीत, पुन्हा पुन्हा येणारी हिरवी भुकटी नाण्याला खाते. दुसऱ्या प्रकाराला इलाज लागतोच. पण तो इलाज सूक्ष्मदर्शकाखाली, कोरड्या हवेत, धातू ओळखून, एकेक मिलिमीटर बघत करणाऱ्या संवर्धकाचं काम आहे. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ते उगीच नाही. आपल्याकडून एवढंच होऊ शकतं: ते नाणं इतरांपासून वेगळं काढायचं, कोरडं ठेवायचं आणि लवकर दाखवायचं.

जपतो म्हणून आपण जे करतो त्यातही धोके आहेत. बाजारात नाण्यांचे मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम मिळतात. पीव्हीसीचे असले तर काही वर्षांत त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर चिकट हिरवा लेप येतो. रबर बँड गुंडाळून ठेवलेली चांदी काळी पडते, कारण रबरात गंधक असतं. वॉर्निश मारलं की ओल आत कोंडते आणि पुढचा अभ्यासही अवघड होतो. सगळ्यात फसवं शिसं. चित्तापूर तालुक्यात भीमेच्या काठी सन्नती आणि कनगनहळ्ळी आहे, अशोकाचे लेख आणि बौद्ध स्तूप सापडलेली जागा. तिथं सातवाहनांची शिशाची नाणी मिळाली आहेत. शिशाचं नाणं व्हिनेगरच्या वाफेनंही खराब होतं. सागवानी कपाटाच्या लाकडातून, पुठ्ठ्यातूनही सेंद्रिय आम्लाची वाफ थोडीथोडी येत राहते आणि बंद खणात त्या नाण्याची पांढरी भुकटी होऊ लागते. ती भुकटी विषारी. लेकरांच्या हाती अजिबात नको. आपण मात्र म्हणतो, देवघराच्या लाकडी पेटीत ठेवलंय, कुठं जाणारे?

इथवर धातूचं झालं. आता माणसांचं बोलू, कारण खरी अडचण तिथं आहे.

नाणी घासली जातात ती नुसत्या हौसेनं नाही. भीतीनं आणि लोभानंही घासली जातात. रानात काही निघालं की पहिली भीती, "सरकार शेत घेईल." दुसरी भीती, पोलीस घरी येतील. तिसरी, गुप्तधनाची गावभर बोंब. मग रातोरात नाणी सोनाराकडं जातात. तो म्हणतो, घासून आणा, चांदी किती आहे ते दिसू दे. आणि आटवल्यावर प्रश्नच मिटला. आमच्या काकांनाही मी जेव्हा म्हटलं की ही नाणी रीतसर दाखवू, तेव्हा ते एकदम म्हणाले, "गप बस गा, आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेऊलालीस?"

कायदा काय म्हणतो हे गावात कुणी सांगितलेलंच नाही. जमिनीत पुरलेल्या ठेवीबद्दलचा देशाचा कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर काय सापडलं, कुठं, कधी हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, असं तो सांगतो. लपवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. पण कळवणाऱ्याचा, आणि जमीनमालकाचाही, हिस्सा त्यात मानलेला आहे, हे मात्र कुणी बोलत नाही. कर्नाटकाचा यासाठी स्वतःचा १९६२ चा कायदा आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. कागदावर हे सगळं आहे. पण कागद आणि बांध यांच्यामध्ये माणूस नाही. शेतकरी डी.सी. ऑफिसच्या पायऱ्या चढायला बिचकतो, त्यात अर्ज कन्नडमध्ये लिहायचा आणि घरी बोलणं मराठी. मला वाटतं, दोष एकट्या शेतकऱ्याच्या पदरी टाकून चालणार नाही. खात्यानं वर्षातून एकदा तालुक्याच्या गावी येऊन, घाबरवण्याऐवजी समजावून, लोकांच्या वस्तू बघितल्या, नोंदी केल्या, तर कितीतरी डबे आपोआप उघडतील. आणि तोवर आपल्यासारखी कॉलेजं काय करूलालीत? आपल्या वर्गात भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथली मुलं आहेत. दोन्ही भाषा त्यांना येतात. बापाचा अर्ज लिहून द्यायला अजून काय लागतं?

सीमाभागातले आपण एक तक्रार नेहमी करतो. महाराष्ट्राच्या पुस्तकात आपण शेवटच्या पानावर, कर्नाटकाच्या पुस्तकात तळटीपेत. १९५६ ला रेघ ओढली गेली आणि आपला इतिहास दोन्हीकडच्यांनी अर्धा अर्धा सोडून दिला. तक्रार खोटी नाही. पण आपल्या गावांना शिलालेख नाहीत, बखरी नाहीत. जे आहे ते मातीत आहे, तांब्याच्या रुपया-दीड रुपयाएवढ्या तुकड्यावर. दुसऱ्यांनी आपला इतिहास लिहिला नाही म्हणून रागवायचं आणि जो आपोआप लिहून ठेवलेला आहे तो चिंच लावून पुसायचा, हे कसं चालेल?

तेव्हा नाणं सापडलं तर एवढं करा. धुऊ नका. माती चिकटली असेल तर असू द्या. कधी कधी त्या मातीत कापडाचा धागा असतो, पिशवीचा ठसा असतो. साठा निघाला तर मडक्याची खापरंही ठेवा. कडेनं धरा. तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. प्रत्येक नाणं वेगळ्या साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर, नाणं आत घालायच्या आधीच, लिहा: कोणतं रान, किती खोल, कोणती तारीख. डबा कोरडा असू द्या. बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून देऊ नका, इथं कामाला येतात. आणि लेखी कळवा. इतकं केलं तरी तुम्ही निम्मं काम अभ्यासकाचं केलंत.

हरवलेलं नाणं शोधणाऱ्या बाईचा दृष्टान्त आपल्या कॉलेजात सगळ्यांनाच ठाऊक आहे. तिनं दिवा लावला, घर झाडलं, नाणं सापडल्यावर शेजारणींना बोलावलं. नाणं घासलं, असं कुठं म्हटलेलं नाही. सापडणं हाच आनंद होता.

काकांचं मन वळवायला मला चार महिने लागले. कायद्यानं जे आज्ज्याच्या काळातच करायला हवं होतं, ते आम्ही उशिरा केलं. अर्ज मी लिहिला, कन्नडमध्ये, काकांनी सही केली. अर्जात अकरा नाण्यांची यादी आहे. दहांपुढं मी लिहिलं आहे, "घासल्यामुळे अक्षरं गेलेली." लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं. अकराव्यापुढं एक नाव आहे.

या दिवाळीला तुमच्या घरी तांबं घासायला काढतील तेव्हा देवळीतला, ट्रंकेतला, देवघरातला डबा एकदा आधी उघडून बघा. काळं-हिरवं काही दिसलं तर ते चिंचेच्या वाटीपासून लांब ठेवा.